गोल्डन गेटपलीकडचे लाल थर : समुद्रतळाचा खडक घडतो कसा आणि वळतो कसा

सागरमाती

सॅन फ्रान्सिस्कोला आलेला पाहुणा गोल्डन गेट पुलावर फोटो काढतो, पूल ओलांडून पलीकडच्या डोंगरावर चढतो, तिथून पुलाचा आणखी एक फोटो काढतो आणि परत फिरतो. फोटो काढताना त्याची पाठ ज्या दरडीकडे असते, तिच्यासाठी हा धागा आहे.

डोंगराचं नाव मरिन हेडलँड्स. कॉन्झेलमन रोड नावाचा घाटरस्ता हॉक हिलकडे चढतो आणि रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत लाल-तपकिरी खडकाचे थर उघडे पडलेले दिसतात. थर दोन ते दहा सेंटिमीटर जाडीचे, दोन थरांमध्ये मऊ शेलची, म्हणजे घट्ट झालेल्या बारीक मातीची, पट्टी, मग पुन्हा कडक थर. असे शेकडो. आणि ते आडवे नाहीत. काही ठिकाणी उभे आहेत, काही ठिकाणी कोपरात वाकवलेल्या हातासारखे टोकदार वळलेत, तर कुठे एका वळीच्या पोटात दुसरी वळी आहे.

हा खडक म्हणजे चर्ट. रसायनाच्या भाषेत जवळजवळ निव्वळ सिलिका, आपल्याकडच्या गारगोटीची आणि चकमकीची जात. चाकूनं ओरखडा उठत नाही, फुटला की कडा धारदार निघते. पण गारगोटी आणि या खडकाचा उगम फार वेगळा आहे. या चर्टचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की गोल-गोल ठिपके दिसतात. ते रेडिओलेरिया नावाच्या एकपेशीय जीवांचे सांगाडे. जीव एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, कधी त्याहून लहान, आणि त्याचा सांगाडा काचेसारख्या सिलिकेचा, जाळीदार. समुद्राच्या वरच्या थरात तो तरंगत जगतो, मरतो आणि त्याचा सांगाडा खाली जातो.

खाली म्हणजे किती खाली हे महत्त्वाचं. उघड्या समुद्रात सिलिकेचे सांगाडे करणारे जीव आहेत तसे चुन्याचे कवच करणारेही आहेत. पण साधारण चार ते पाच किलोमीटर खोलीच्या खाली पाणी इतकं थंड, इतक्या दाबाखाली आणि कार्बन डायऑक्साइडनं इतकं भारलेलं असतं की चुन्याचं कवच तळावर टिकत नाही, विरघळून जातं. उरते ती सिलिका आणि वाऱ्यानं जमिनीवरून उडत आलेली, कुठे नदीमुखापासून वाहत आलेली अतिसूक्ष्म माती. किनारा हजारो किलोमीटर दूर असेल तर मातीही नावापुरतीच. म्हणून या थरांत वाळूचा कण सापडत नाही. किनाऱ्यापासून फार लांब, फार खोल, शांत तळावर हे साचलं आहे.

आता वेग बघा. मरिन हेडलँड्समधला चर्टचा पूर्ण क्रम सुमारे ८० मीटर जाड आहे. त्यातल्या रेडिओलेरियांच्या प्रजातींवरून सर्वांत खालचे थर सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचे आणि सर्वांत वरचे सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचे ठरतात. दहा कोटी वर्षांत ८० मीटर! हजार वर्षांत एक मिलिमीटरसुद्धा नाही. दरडीवर तळहात ठेवला तर त्याखाली लाखभर वर्षं सहज येतात.

साचताना हा नुसता चिखल असतो. त्याला ऊझ म्हणतात. त्यात पाणीच जास्त. वर नवा चिखल येत जातो, पाणी पिळून निघतं, तापमान हळूहळू वाढतं. सांगाड्यांची सिलिका ओपल प्रकारची, म्हणजे स्फटिकरचना नसलेली असते. ती विरघळते आणि जवळच पुन्हा अधिक घट्ट रूपात जमते, शेवटी बारीक क्वार्ट्झ होतो. या फेरबदलात बहुतेक सांगाडे नष्ट होतात, काही ठिपक्यांच्या रूपात उरतात. लाल रंग लोहाचा. पाण्यात प्राणवायू भरपूर होता म्हणून लोह गंजलं. कुठे कुठे हिरवे थर दिसतात, तिथे लोहाची ती अवस्था टिकलेली नाही.

पण मला सर्वांत जास्त भुरळ घालतो तो चर्टच्या खालचा आणि वरचा खडक. खाली बेसॉल्ट आहे. पॉइंट बोनिटाच्या दीपगृहापाशी तो छान दिसतो, गोल गोल लोळ एकावर एक रचलेला, पिलो लाव्हा. लाव्हा पाण्याखाली बाहेर आला की असाच थिजतो. म्हणजे समुद्राच्या मधल्या पर्वतरांगेत नवा तळ तयार झाला, त्यावर चर्टचा चिखल पडू लागला. आणि चर्टच्या वर काय आहे? ग्रेवॅक नावाचा मळकट वालुकाश्म, ज्यात जमिनीवरून आलेले कण ठासून भरलेत. खाली लाव्हा, मध्ये दूरच्या समुद्राचा चिखल, वर किनाऱ्याची वाळू. एका जागी बसून हा क्रम तयार होऊच शकत नाही. तळच चालत होता. भूपट्टावर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यावर, बसून तो पर्वतरांगेपासून निघाला, विषुववृत्ताजवळच्या पाण्यातून आला, आणि दहा कोटी वर्षांनी उत्तर अमेरिकेच्या कडेला पोचला तेव्हा खंडावरची वाळू त्याच्यावर कोसळू लागली.

तिथे तो भूपट्ट, ज्याला फॅरॅलॉन म्हणतात, खंडाखाली शिरत होता. जड बेसॉल्ट बहुतांशी खाली गेला. पण काही तुकडे, वरच्या चर्ट आणि वाळूसकट, खरवडून खंडाच्या कडेला चिकटले. एकाखाली एक असे पाचर मारल्यासारखे घुसत गेले, म्हणून हेडलँड्समध्ये बेसॉल्ट, चर्ट, वालुकाश्म हा क्रम पुन:पुन्हा येतो. या खरवडण्यात थर दुमडले. १८९५ साली अँड्र्यू लॉसन यांनी या खडकांना फ्रान्सिस्कन नाव दिलं तेव्हा भूपट्टांची कल्पनाच नव्हती. लाव्हा, खोल समुद्राचा चर्ट आणि वाळू एकत्र का, हे कोडं सुटायला विसाव्या शतकाचं सातवं दशक यावं लागलं.

प्रश्न विचारा. फोटो पुढच्या प्रतिसादांत टाकते.

पिंपळपान

फार सुंदर लिहिलंय. एक प्रश्न मात्र डोक्यातून जात नाहीये. तुम्हीच म्हणता की चाकूनं ओरखडा उठत नाही. मग इतका कडक दगड वाकेल कसा? तुटायला हवा ना? आतून तापून मऊ झाला होता का?

रानवाटा

सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरतोय. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा असो की ढाकचा बहिरी, थरच थर. तेही असेच साचलेले का? आणि ते इतके सरळ आडवे का, एकही वळी का नाही?

सागरमाती

@रानवाटा, सह्याद्रीतले थर साचलेल्या गाळाचे नाहीत, लाव्हाच्या प्रवाहांचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहिले, बहुतांशी उघड्या जमिनीवर. दोन प्रवाहांमध्ये काही ठिकाणी जी लाल मातीची पट्टी दिसते तिचं कारण वेगळं आहे. एक प्रवाह थंडावून झिजला, माती झाली, मग पुढचा प्रवाह आला आणि त्यानं ती भाजली. तेव्हापासून त्या भागाला कुणी बाजूंनी दाबलेलं नाही, म्हणून थर आडवेच राहिले. पनवेलच्या बाजूला मात्र ते पश्चिमेकडे कललेले आहेत, तिथे पश्चिम किनारा ताणला जाऊन खचला. कलणं वेगळं आणि दाबानं दुमडणं वेगळं.

@पिंपळपान, तुमच्या प्रश्नाला सवडीनं उत्तर देते, तो या धाग्याचा गाभा आहे.

दर्यावर्दी

आयुष्याचा बराच काळ संशोधन जहाजांवर गेला, त्यामुळे राहवलं नाही. ताईंनी ज्याला चिखल म्हटलंय तो मी हातात घेतलेला आहे.

हिंदी महासागराच्या मध्यभागी, विषुववृत्ताच्या दक्षिणेला, पाच किलोमीटर आणि त्याहून खोल तळावर आजही हाच सिलिकेचा ऊझ साचतोय. तिथेच भारताचं बहुधातू गोट्यांचं, म्हणजे तळावर पसरलेल्या धातूयुक्त गोळ्यांचं, क्षेत्र आहे. गवेषणी जहाजावरून २६ जानेवारी १९८१ ला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं अरबी समुद्राच्या तळावरून पहिल्या गोट्या वर आणल्या, आणि १९८७ मध्ये या कामातला पहिला अग्रणी गुंतवणूकदार म्हणून भारताला मान्यता मिळाली. वर्तमानपत्रांनी गोट्यांबद्दल लिहिलं, पण गोट्या ज्या चिखलावर पसरलेल्या असतात त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

पेटीसारखं यंत्र तळावर सोडतात, ते चौकोनी तुकडा कापून वर आणतं. जहाजावर झाकण उघडलं की वरचा भाग इतका पातळ असतो की डुचमळतो. रंग फिकट तपकिरी. बोटांत चोळला तर गुळगुळीत लागतो, वाळूची कुरकुर नाही. धुऊन, गाळून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की काचेच्या जाळ्या, शिरस्त्राणं, घंटा, काटेरी गोळे. तासन्तास डोळा हटत नाही. एर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञानं चॅलेंजर जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरीत जमलेल्या नमुन्यांतून रेडिओलेरियाच्या साडेतीन हजारांहून अधिक नव्या प्रजाती वर्णन केल्या, आणि त्यांची चित्रं स्वतः काढली. चिखल पाहिल्यावर त्या माणसाचा ध्यास कळतो.

हा चिखल कडक होतो याचा फटका खोदकाम करणाऱ्यांना बसला. खोल समुद्रातल्या छिद्रणाचा मोठा प्रकल्प १९६८ मध्ये सुरू झाला, तेव्हा अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्हीकडे चर्टच्या थरांनी छिद्रणाची पाती झिजवून टाकली. म्हणजे काही ठिकाणी तळाखालीच, डोंगर व्हायच्या कितीतरी आधी, चिखलाचा दगड झालेला असतो.

ताई, एक प्रश्न. मधल्या पर्वतरांगेवर समुद्र अडीच किलोमीटरच्या आसपास खोल असतो. तिथे चुना विरघळत नाही. मग तुमच्या बेसॉल्टवर आधी चुनखडकाचा थर हवा होता. तो का नाही?

सागरमाती

दर्यावर्दी काका, हा प्रश्न विचारायला तुमच्यासारखाच माणूस हवा.

आजच्या समुद्राच्या हिशोबात तसा थर हवाच. पण हा तळ तयार झाला तो ज्युरासिक काळाच्या सुरुवातीला, म्हणजे त्या २० कोटी वर्षांपूर्वी. उघड्या समुद्रात तरंगणारे चुन्याचे जीव तेव्हा नुकतेच पसरू लागले होते, त्यांची भरभराट पुढे ज्युरासिकच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या क्रिटेशस काळात झाली. त्याआधी चुना मुख्यतः उथळ समुद्रात, प्रवाळ आणि शिंपल्यांच्या रूपात साचत असे. खोल समुद्रावर वरून पडायला चुनाच फारसा नव्हता. म्हणून लाव्हावर थेट रेडिओलेरिया. तळाच्या थरांत त्याऐवजी लोह आणि मँगनीज जास्त आहे, ते पर्वतरांगेवरच्या गरम झऱ्यांनी दिलेलं.

आता @पिंपळपान यांचा प्रश्न.

हा खडक तापून मऊ झाला असावा हा तर्क नैसर्गिक आहे, पण या खडकानंच तो खोडलाय. क्वार्ट्झ स्फटिकाच्या पातळीवर वाहायला लागायचा तर साधारण ३०० अंश सेल्सियस तापमान लागतं. हेडलँड्सच्या बेसॉल्टमध्ये जी खनिजं वाढली आहेत ती त्याहून कमी तापमानाची. म्हणजे खडक तितका तापलाच नाही. मग त्यानं तीन वाटांनी वळण घेतलं.

पहिली वाट शेलची. मघाशी ज्या बारीक पट्ट्या म्हटल्या त्या मऊ. बाजूनं दाब आला की प्रत्येक चर्टचा थर शेजारच्या थरावरून किंचित घसरतो, सगळी घसरण शेलमध्ये जिरते. ८० मीटरचा एकसंध ठोकळा वाकवायचा असता तर फुटलाच असता. पाच सेंटिमीटरचे सुटे थर, मध्ये वंगण, मग वाकणं शक्य होतं. थराच्या पृष्ठावर बोट फिरवलं तर कधी कधी घसरणीचे ओरखडे लागतात. वळीची रुंदीही थराच्या जाडीवर ठरते. जाड थर मोठ्या वळ्या घेतो, पातळ थर छोट्या, आणि एकाच दरडीत दोन्ही शेजारी असतात तेव्हा हे नियम म्हणून नव्हे, डोळ्यांनी दिसतं.

दुसरी वाट विरघळण्याची. जिथे दाब जास्त तिथली सिलिका पाण्यात थोडी थोडी विरघळते आणि कमी दाबाच्या जागी जाऊन बसते. अतिशय मंद, पण लाखो वर्षं मिळाली की खडकाचा आकार बदलायला पुरतं.

तिसरी वाट तुम्ही म्हणता तीच, तुटण्याची. वळीच्या टोकाशी जवळून बघितलं की पांढऱ्या रेषांचं जाळं दिसतं. त्या क्वार्ट्झच्या शिरा. तिथे थर तडकला, भेगेत पाणी शिरलं, सिलिका जमून भेग बुजली, पुन्हा तडकला. दुरून अखंड वाटणारं वळण जवळून शेकडो सांधलेल्या भेगांचं आहे.

आणि वेळ. भूपट्टांच्या कडेला खडक साधारण ज्या गतीनं दबतो, त्या गतीनं दहा लाख वर्षांत त्याची लांबी तिसऱ्या हिश्शानं कमी होऊ शकते. हातोड्यानं ते एका क्षणात मागितलं तर तो फुटणारच.

शाळेची_घंटा

नववीला भूगोल शिकवते. वली पर्वताचा पाठ मुलं पाठ करतात आणि विसरतात. हे वाचून वर्गात काय करता येईल असा विचार करतेय. पाचसहा सतरंज्या एकावर एक घालून दोन्ही बाजूंनी ढकलायच्या का?

सागरमाती

@शाळेची_घंटा, नक्की करा, आणि मुलांना सांगा की हा प्रयोग दोनशे वर्षांहून जुना आहे. स्कॉटलंडचे सर जेम्स हॉल यांनी कापडांचे थर टेबलावर घातले, वर बिजागरीतून निघालेलं एक दार ठेवून त्यावर वजनं रचली आणि बाजूंनी फळ्या ढकलल्या. थरांच्या वळ्या झाल्या. हा निबंध त्यांनी १८१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या डोळ्यांसमोर बर्विकशायरचा किनारा होता. १७८८ मध्ये जेम्स हटन आणि जॉन प्लेफेअर यांच्याबरोबर होडीतून सिकार पॉइंटला गेलेले तेच हॉल. तिथले उभे थरही खोल समुद्राच्या ग्रेवॅकचेच आहेत, फक्त ४० कोटी वर्षांहून जुने.

वजन ठेवायला विसरू नका. वजनाशिवाय सतरंजी एकच मोठा फुगा घेते. वरून भार असला की बारीक, दाट वळ्या येतात. मुलांना आधी वजनाशिवाय करू द्या, मग वजनासह, आणि फरकाचं कारण त्यांनाच विचारा.

उलटतपास

लेख आवडला, पण एका गोष्टीवर माझं वेगळं मत आहे. सगळ्या वळ्या खंडाला चिकटतानाच्या कशावरून? ओला चिखल समुद्राच्या उतारावरून घसरला तरी अशाच वळ्या पडतात. फोटोंत एके ठिकाणी वरचे थर जवळजवळ सरळ आहेत आणि खालचे चुरगळलेत. घसरणीची खूण नेमकी हीच. कडक झाल्यावर दाबले असते तर वरचेही चुरगळले असते.

सागरमाती

@उलटतपास, हा वाद भूशास्त्रज्ञांमध्येही झालेला आहे, आणि तो फोटोवर नव्हे, दरडीपाशी उभं राहूनच सुटतो.

चिखल ओला असताना घसरला तर थराची जाडी बदलते. वळीच्या टोकाशी तो फुगतो, बाजूंना ताणून पातळ होतो, काही ठिकाणी दोन थर एकमेकांत मिसळतात. वरचा नंतर साचलेला थर त्या चुरगळ्याला कापून सरळ जातो. हेडलँड्समध्ये काही जागी असं दिसतं, ते मला मान्य आहे. पण मोठ्या भागात चर्टच्या थराची जाडी वळीभर जवळपास तीच राहते, टोकं टोकदार आहेत, आणि क्वार्ट्झच्या शिरा थराला आरपार छेदतात. शीर पडायला थर तडकण्याइतका कडक हवा. तुम्ही म्हणता त्या फोटोतला सरळ थर आणि चुरगळलेला थर यांच्यामध्ये चुराड्याची पट्टी आहे, म्हणजे तिथून प्रस्तरभंग, खडक सरकल्याची भेग, गेलाय. दोन वेगवेगळे तुकडे नंतर एकमेकांवर येऊन बसले आहेत.

माझं मत असं की काही वळ्या अर्धवट कडक अवस्थेतल्या आहेत. चर्ट आणि शेल एकाच वेळी कडक होत नाहीत. चर्ट दगड झालेला आणि शेल अजून ओली, असा मधला काळ फार लांब असतो.

उलटतपास

शिरांचा मुद्दा पटला. जाडी मोजलेले फोटो असतील तर जरूर टाका.

हिमकण

नागोयात राहते. इथून जवळच इनुयामा नावाचं गाव आहे, किसो नदीच्या काठी. नदीनं धुतलेल्या खडकांवर अगदी हेच थर, हेच कोन. ट्रायासिक आणि ज्युरासिकचा चर्ट, हाही पॅसिफिकच्या जुन्या तळावरून येऊन जपानला चिकटलेला.

इथल्या संशोधकांनी थर न थर मोजून एक चर्ट आणि एक शेल अशी जोडी सरासरी सुमारे २०,००० वर्षांत पडते असं मांडलंय. पृथ्वीच्या आसाचा डोल त्याच लयीत बदलतो, त्याबरोबर समुद्रातल्या जीवांची वाढ कमीजास्त होते. जीव भरपूर तेव्हा चर्ट, कमी तेव्हा माती वरचढ. आणखी एक विलक्षण गोष्ट. याच भागातल्या एका बारीक मातीच्या थरात अशनीपाताच्या खुणा सापडल्या आहेत. त्यांचा संबंध कॅनडातल्या मॅनिकुआगन विवराशी लावतात, म्हणजे सुमारे साडेएकवीस कोटी वर्षांपूर्वीचा आघात. भर महासागराच्या तळावर, जिथे इतकं हळू साचतं, तिथे आकाशातून पडलेली धूळसुद्धा ओळखता येते.

पिंपळपान

@हिमकण, मघाशी सागरमाती यांनी दिलेल्या आकड्यांवरून मी हिशोब केला. हजार वर्षांत ०.८ मिलिमीटर, म्हणजे पाच सेंटिमीटरची जोडी पडायला साठ हजार वर्षांहून जास्त. तुमच्या वीस हजारांशी जुळत नाही.

हिमकण

जुळायलाच हवं असं नाही. जिथे साचण्याचा वेग जास्त होता तिथे प्रत्येक डोल वेगळा नोंदला गेला. फार मंद जागी दोनतीन डोल एकाच थरात मिसळतात. शिवाय ८० मीटरला १० कोटींनी भागणं ही सरासरी झाली, मधल्या काळात वेग वाढला-घटला असणार.

डिचोलकर

आमच्या गोव्यात लोहखनिजाच्या खाणी आहेत. लहानपणापासून लाल धूळ पाहिली, पण कापलेल्या बाकांवर, म्हणजे खाणीच्या पायऱ्यांवर, जे पट्टे दिसतात त्यांच्याकडे या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं. एक काळसर पट्टा लोहाचा, एक फिकट सिलिकेचा, आणि तेही दुमडलेले. हे तुमच्या चर्टचं नात्यातलं का?

सागरमाती

@डिचोलकर, जन्मस्थान समुद्राचा तळ आणि घटक सिलिका, इतपत नातं नक्की. पण गोव्याचे थर २५० कोटी वर्षांहून जुने. तेव्हा रेडिओलेरिया नव्हते, सिलिकेचे सांगाडे करणारा कुठलाच जीव नव्हता. समुद्राच्या पाण्यातच सिलिका आणि विरघळलेलं लोह भरपूर होतं आणि ते थेट तळावर बसलं. नंतर ते दाबले गेले, दुमडले, तापून रूपांतरित झाले. मग उष्ण दमट हवामानात पाण्यानं सिलिका वाहून नेली आणि मागे लोह उरलं, म्हणून खाणी. सिंधुदुर्गात रेडीचं खनिजही त्याच घराण्यातलं. बंद खाणीच्या बाकांवर चढू नका मात्र, पावसाळ्यानंतर ते ढासळतात.

सैरभैर

गेल्या उन्हाळ्यात स्पितीला गेलो होतो. काझापासून वरच्या गावांत मुलं अमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या शंखासारखे जीवाश्म, विकायला आणतात. आजीच्या देवघरातला शाळिग्राम तोच ना? मग तोही या चर्टसारखा खोल समुद्रातला?

सागरमाती

समुद्रातला हो, खोल तळावरचा नाही. शाळिग्राम नेपाळच्या काली गंडकीतले, स्पितीचे अमोनाइट त्याच टेथिस समुद्राचे, भारत आणि आशिया यांच्यामधल्या, आता मिटलेल्या. पण तो गाळ भारताच्या उत्तर कडेला, खंडाच्याच बुडालेल्या भागावर साचला. एव्हरेस्टच्या माथ्याचा चुनखडकही तसाच, खंडाच्या कडेचा. दोन खंडांमधला खरा महासागरी तळ पाहायचा तर सिंधू नदीच्या रेषेवर लडाखला जावं लागतं. पूर्व लडाखमध्ये निदारपाशी पिलो लाव्हा आहे आणि रेडिओलेरियांचा चर्टसुद्धा. इतका मोठा महासागर मिटला आणि त्याच्या तळाची एवढीशी पट्टी वर राहिली.

स्पितीचे अमोनाइट कृपया विकत घेऊ नका. थरातून काढलेला जीवाश्म कुठल्या थरातला हे कळलं नाही तर तो अभ्यासासाठी संपला.

संत्रानगरी

आईबाबा नागपूरहून येताहेत, बाबांचे गुडघे दुखतात. फार न चालता हे दाखवता येईल का?

सागरमाती

येईल. कॉन्झेलमन रोडवर गाडी थांबवायच्या जागा आहेत, दरड समोरच. वरचा भाग एकेरी होतो आणि उतार तीव्र आहे, घाई करू नका. सकाळी धुकं असतं आणि वारा बोचरा, बाबांना स्वेटर द्या. तिथून खाली रोडिओ बीचवर न्या, लाल-हिरव्या चर्टचे गोटे लाटांनी घासून गुळगुळीत झालेत. राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे, गोटा उचलून आणता येत नाही. शहरातच राहणार असाल तर कोरोना हाइट्सची टेकडी बघा. तिथे चर्टचा प्रस्तरभंगावरचा पृष्ठभाग घासून इतका चकचकीत झालाय की उन्हात लकाकतो.

रानवाटा

अमेरिका, जपान, लडाख सगळं दूर. भारतात समुद्रकाठी, विमानातून उतरून पाहता येईल असं काही?

दर्यावर्दी

अंदमान. सेल्युलर जेल पाहायला आपली माणसं आवर्जून जातात, तर अर्धा दिवस जास्त ठेवा. भारताचा भूपट्ट तिथे पूर्वेकडे खाली जातोय, २००४ चा भूकंप त्याच कडेवरचा, आणि ती बेटं म्हणजे खरवडून वर आलेला गाळच. दक्षिण अंदमानात पिलो बेसॉल्ट आणि लाल चर्ट दोन्ही आहेत. पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या, कॉर्बिन्स कोव्ह किनाऱ्यावर वालुकाश्म आणि शेल यांचे आलटून पालटून थर ओहोटीला उघडे पडतात. तिथे चर्ट शोधू नका, ती वरची पायरी, जमिनीजवळ आल्यावर पडलेली वाळू.

एक गोष्ट करून बघा. प्रत्येक वालुकाश्माच्या थरात दाणे एका बाजूला जाड असतात आणि दुसऱ्या बाजूला बारीक होत जातात, कारण गढूळ लोंढा तळावर पोचला की जड कण आधी बसतात. जाड बाजू खाली असेल तर थर सुलटा. जाड बाजू वर दिसली तर थर उलटा झालाय, म्हणजे तुम्ही वळीच्या पालथ्या बाजूवर उभे आहात. भिंग न्या, आणि ओहोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा.